जुन्या ट्रकची मूळ केबिन : कन्नडच्या घाटवाटेच्या संदर्भात एक प्रमाणविचार

१. प्रश्नाचे स्वरूप

एखाद्या जुन्या ट्रकची केबिन मूळचीच आहे की मागाहून बसविलेली आहे, हा प्रश्न प्रथमदर्शनी गॅरेजमधील मिस्त्रीने सोडवावा असा वाटतो. इतिहासाच्या अभ्यासकास तो परका वाटण्याचे मात्र कारण नाही. ताम्रपटाची कडी तुटलेली असेल, तर तिच्यातील मुद्रा त्याच पत्र्यांची की दुसऱ्या दानपत्राची, हे त्याला ठरवावेच लागते. पोथीची मधली पाने गहाळ होऊन ती दुसऱ्या हाताने लिहून घातली असतील, तर त्या पोथीचा काळ कोणता धरावयाचा, हाही त्याचा नित्याचा प्रश्न आहे. ज्या वस्तूचे भाग सुटे होतात, बदलतात आणि तरीही जी एकाच नावाने व्यवहारात वावरते, अशा प्रत्येक वस्तूबाबत हा वाद उत्पन्न होतो. मोटारट्रक ही विसाव्या शतकातील अशा वस्तूंपैकी एक प्रमुख वस्तू होय.

हा वाद भारताच्या वैचारिक परंपरेलाही नवा नाही. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन स्थविर मिलिंद राजाला त्याच्या रथाविषयी विचारतो : आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? कोणताही एक भाग रथ नव्हे, हे राजाला मान्य करावे लागते आणि 'रथ' हे त्या भागांच्या मेळाला व्यवहारात दिलेले नाव ठरते. इतिहासकाराचे काम मात्र येथे संपत नसून येथून सुरू होते. हा मेळ केव्हा जमला, कोणी जमविला आणि त्यातील कोणता भाग केव्हा पालटला, हे त्याला दाखवावयाचे असते.

प्रस्तुत विवेचनाचा मुख्य मुद्दा असा की, भारतीय ट्रकच्या बाबतीत 'मूळ केबिन' याचा अर्थ 'कारखान्यातून आलेली केबिन' असा घेतला, तर बहुतेक वेळा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. येथील पुष्कळशा ट्रकना कारखान्याची केबिन कधी नव्हतीच. त्यांची पहिली केबिन सुतार, लोहार व पत्राकाम करणारे कारागीर यांनी बांधली. म्हणून मूळपणाची कसोटी कारखाना ही नव्हे. नोंदलेल्या चेसिसवर प्रथम चढलेली केबिन कोणती आणि ती आजवर अखंड राहिली काय, ही होय.

२. कन्नडची वाट

कन्नड हे शिवना नदीकाठचे तालुक्याचे गाव. त्याच्या उत्तरेस सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेतून औट्रम घाट खानदेशात, चाळीसगावकडे उतरतो. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रम या अधिकाऱ्याचे नाव या घाटास मिळाले. चाळीसगावास मुंबई-भुसावळ लोहमार्ग आहे. औरंगाबादेस १९०० साली मनमाड-हैदराबाद हा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग आला. या दोहोंच्या मध्ये असलेल्या कन्नडला मात्र रेल्वे लाभली नाही. त्यामुळे कापूस, धान्य, ऊस, लाकूड व किराणा यांची ने-आण आधी बैलगाडीवर आणि पुढे ट्रकवर अवलंबून राहिली. सोलापूर-धुळे हा हमरस्ता प्रथम राष्ट्रीय महामार्ग २११ म्हणून व २०१० च्या पुनर्क्रमांकनानंतर ५२ म्हणून याच घाटातून गेला.

राज्यव्यवस्थेच्या दृष्टीनेही ही सीमेवरची वाट होती. घाटमाथा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, तर पायथा मुंबई इलाख्यात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. म्हणजे १९४० च्या सुमारास घेतलेला एखादा ट्रक १९६० पर्यंत चालत राहिला असेल, तर जागचे न हलताही त्याने तीन राज्ये पाहिली. त्याच्या कागदांची भाषा, कालगणना आणि नोंदणीची पद्धत या प्रत्येक वळणावर बदलली. केबिनचा माग काढणाऱ्यास हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

घाटाचा परिणाम वाहनाच्या शरीरावरही होतो. उतारावर ब्रेक निकामी होणे, वळणावर समोरासमोर धडक बसणे, गाडी कलंडणे, या अपघातांत पहिला मार केबिनला बसतो. चेसिसचे पोलादी गज सरळ करता येतात, इंजिन उतरवून दुरुस्त करता येते. चेपलेली लाकडी केबिन मात्र बहुधा नव्याने बांधावी लागते. पावसाळ्यात दरडी कोसळणे येथे नवीन नाही. ३१ ऑगस्ट १९२१ नव्हे, तर अगदी अलीकडे, २०२१ सालच्या ऑगस्टअखेरीस, अशाच दरडींमुळे हा घाट बंद पडला होता. पुढे २०२३ साली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना त्यातून जाण्यास बंदी घालण्यात आली. अशा वाटेवर आयुष्य काढलेल्या ट्रकची केबिन मूळची आहे, हे गृहीत धरता येत नाही. ते सिद्ध करावे लागते.

३. चेसिस आणि केबिन यांचे वेगळे जन्म

१९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे सुट्या भागांची जुळणी करण्याचा कारखाना काढला. फोर्ड कंपनीनेही पुढील काही वर्षांत मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे तीच पद्धत अवलंबिली. १९४४ साली वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि क्रायस्लरच्या सहकार्याने कुर्ल्यास डॉज, फार्गो व डिसोटो या नावांचे ट्रक बाहेर पडू लागले. ही तिन्ही नावे मूलतः एकाच जातीच्या ट्रकची होती. फरक मुख्यतः बिल्ल्याचा व दर्शनी सजावटीचा. यावरून एक सावधगिरी निष्पन्न होते : केबिनवरील किंवा बॉनेटवरील बिल्ला हे ओळखीचे सर्वांत दुबळे प्रमाण होय. चार स्क्रू काढले की बिल्ला बदलतो.

दुसऱ्या महायुद्धात कॅनडात फोर्ड व शेव्रोले यांनी लष्करी नमुन्याचे चार लाखांहून अधिक ट्रक बांधले. त्यांतील पुष्कळ भारतात आले. मूळ केबिनचा प्रश्न ज्या वाहनांच्या बाबतीत अगदी काटेकोरपणे सोडविता येतो, त्यांत या ट्रकांची गणना होते. कारण त्यांच्या केबिनना ११, १२ व १३ असे कारखान्याचेच क्रमांक होते. तेरा क्रमांकाची केबिन १९४१ च्या अखेरीपासून युद्धसमाप्तीपर्यंत निघाली. तिची समोरची काच खालच्या बाजूस आत झुकलेली असे. सूर्यप्रकाशाची तिरीप विमानातून दिसू नये, हा त्यामागील एक हेतू. १९४० सालच्या चेसिसवर तेरा क्रमांकाची केबिन आढळली, तर ती मागाहूनची आहे, हे सांगण्यास अधिक पुराव्याची गरज राहत नाही. परंतु असा निर्णायक क्रमांक प्रत्येक ट्रकवर मिळत नाही, हीच खरी अडचण आहे.

स्वातंत्र्यानंतर केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना येथे राहणे कठीण झाले. १९५३ च्या जकात आयोगाच्या शिफारशींनंतर, देशात प्रत्यक्ष उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या जनरल मोटर्स व फोर्ड यांनी आपली जुळणी थांबविली. १९५४ साली टेल्को आणि डाइम्लर-बेंझ यांच्यात पंधरा वर्षांचा करार होऊन जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक निघू लागले. १९६९ साली करार संपला आणि तीन टोकांच्या तारकेच्या जागी टाटांचे स्वतःचे चिन्ह आले. मद्रासजवळ एन्नूर येथे १९४८ साली स्थापन झालेली अशोक मोटर्स १९५५ पासून अशोक लेलँड झाली आणि तिचा कॉमेट ट्रक दक्षिणेकडे रुळला.

या सर्व काळात ग्राहकाच्या हाती पडे ती बहुधा चेसिस. इंजिन, गिअरबॉक्स, चाके, पाटे, सुकाणू, बॉनेट आणि काउल नावाने ओळखला जाणारा पुढचा पत्र्याचा भाग एवढेच कारखान्याचे. दारे नाहीत, छप्पर नाही, मागची भिंत नाही. तात्पुरत्या आसनावर बसून, डोक्यातोंडाला फडके गुंडाळलेला चालक अशी उघडी चेसिस शेकडो मैल चालवीत आणी, हे दृश्य भारतीय रस्त्यांवर दीर्घकाळ परिचयाचे होते. मग मालक ती बॉडी बांधणाऱ्याकडे नेई. तेथे सागाचा वा अन्य टणक लाकडाचा सांगाडा उभा राही, त्यावर पत्रा चढे, चालकाच्या मागे क्लीनरला निजण्यापुरती फळी बसे, वर टप, मागे फाळके. जमशेदपूरहून एकाच दिवशी निघालेल्या दोन चेसिस दोन वेगळ्या गावी गेल्या, की त्यांचे दोन वेगळे ट्रक होत.

कायद्यानेही हे वेगळे जन्म मान्य केले आहेत. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ४३ व्या कलमात तात्पुरत्या नोंदणीची मूळ मुदत एक महिन्याची होती. परंतु बॉडी न चढविलेली चेसिस बॉडी बांधण्यासाठी कार्यशाळेत अडकून पडल्यास मुदतवाढीची तरतूद त्याच कलमात केलेली होती. म्हणजे केबिन अस्तित्वात येण्यापूर्वीच वाहन कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वात आलेले असे. १९८९ च्या केंद्रीय नियमांतही बॉडी वेगळी बांधली जाणाऱ्या वाहनांसाठी 'नमुना २२-अ' हे स्वतंत्र प्रमाणपत्र होते, ज्यात चेसिस बनविणारा आणि बॉडी बांधणारा यांचे भाग निरनिराळे ठेवलेले होते.

४. लेखी प्रमाणे

लेखी साधनांत पहिले स्थान नोंदणी-पुस्तकास, म्हणजे व्यवहारातील आर.सी. बुकास आहे. तथापि त्याचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही ओळखल्या पाहिजेत. त्यात चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक, बॉडीचा प्रकार, रिकामे वजन आणि नोंदणीची तारीख ही माहिती असते; केबिनचा क्रमांक नसतो. चेसिसवरील क्रमांक पुस्तकाशी जुळला म्हणून ट्रक 'मूळचा' ठरविणे ही या विषयातील सर्वांत सामान्य चूक होय. त्या जुळणीने चेसिस सिद्ध होते. तिच्यावरील केबिनविषयी त्यातून काहीही निष्पन्न होत नाही.

या जुळणीची रीत इतिहासाच्या विद्यार्थ्यास ओळखीची वाटेल. परिवहन कार्यालयात चेसिसच्या गजावर कोरलेल्या क्रमांकावर कागद ठेवून शिसपेन्सिल घासतात आणि उमटलेला छापा कागदपत्रांस जोडतात. शिलालेखाचा ठसा घेण्याचेच हे धाकटे भावंड. ठसा घेणाऱ्याने पाळावयाचे नियमही तेच : अक्षरांची उंची व अंतर सारखे आहे काय, एखादा आकडा खोडून पुन्हा ठोकला आहे काय, आजूबाजूचा पत्रा घासलेला आहे काय, हे आधी पाहावे आणि मगच वाचन मान्य करावे.

केबिनसंबंधी नोंदणी-पुस्तक जी अप्रत्यक्ष साक्ष देते, ती रिकाम्या वजनाची. चेसिसचे वजन उत्पादकाने दिलेले असते; नोंदणीच्या वेळचे रिकामे वजन त्याहून जितके अधिक, तितके बॉडीचे. ट्रक आज काट्यावर घातला आणि त्याचे वजन नोंदीपेक्षा लक्षणीय निराळे निघाले, तर बॉडीत बदल झाला आहे, असे मानण्यास जागा होते. अर्थात केबिन न बदलता केवळ फाळके बदलले तरी वजन बदलते. म्हणून ही साक्ष संशय उत्पन्न करू शकते. निर्णय देऊ शकत नाही.

दुसरे साधन म्हणजे बदलाची नोंद. १९३९ चा अधिनियम व त्याच्या जागी आलेला १९८८ चा अधिनियम, दोहोंनीही वाहनाच्या रचनेतील बदल नोंदणी-अधिकाऱ्यास कळविणे मालकावर बंधनकारक केले होते. १९८८ च्या अधिनियमात हा विषय ५२ व्या कलमात आहे. परंतु त्याच मापाची नवी केबिन बांधली, तर मालक तिला बदल न मानता दुरुस्ती मानी, असे सहज घडू शके. म्हणून बदलाची नोंद असणे हा सबळ पुरावा आहे. ती नसणे हा पुरावा नव्हे. या नियमाचा विसर पडल्यास मौनावरून निष्कर्ष काढण्याचा दोष पदरी येतो.

याखेरीज चेसिसचे विक्री-बिल, बॉडी बांधणाऱ्याचे बिल, कर्जदात्याच्या बोजाची नोंद आणि अपघातानंतरचा विमा-पाहणीचा अहवाल ही चार कागदपत्रे शोधावीत. त्यांतही शेवटचे अधिक मोलाचे. कारण केबिन चेपली की नष्ट झाली, हे त्यात भागवार लिहिलेले असते.

कन्नड व एकंदर मराठवाड्याच्या बाबतीत जुन्या कागदांची आणखी एक अडचण आहे. हैदराबाद संस्थानाचा कारभार उर्दूत चाले आणि त्यात फसली सन वापरला जाई. हे वर्ष ऑक्टोबरात सुरू होई व त्यात ५९० मिळविले असता सामान्यतः इसवी सन येतो. १३५७ फसली म्हणजे स्थूलमानाने ऑक्टोबर १९४७ ते सप्टेंबर १९४८. वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांनंतर मात्र ५९१ मिळवावे लागतात. अशा कागदावरील तारीख घाईने उलगडली, तर चेसिस आणि केबिन यांच्यामध्ये नसलेले वर्षभराचे अंतर निर्माण होते व त्यावर केबिन-बदलाची खोटी कथा उभी राहू शकते.

५. वस्तूची स्वतःची साक्ष

कागद संपले की वस्तूकडे वळावे. किंबहुना कागद पुरेसे असतानाही वळावे. येथे उत्खननशास्त्रातील थरांचे तत्त्व जसेच्या तसे उपयोगी पडते.

पहिली पाहणी रंगाच्या थरांची. दाराच्या बिजागरीमागे, आसनाखाली किंवा छपराच्या आतल्या कोपऱ्यात, जेथे पॉलिशकागद सहसा पोहोचत नाही, तेथे लहानशी जागा तिरकी घासली असता रंगांचे पट्टे झाडाच्या वाढीच्या वलयांप्रमाणे दिसतात. हीच पाहणी काउलवर करावी. काउल कारखान्याचे व चेसिसबरोबर आलेले. त्यावर सात थर असतील आणि केबिनच्या खांबावर वरचेच तीन असतील, तर खालच्या चार थरांच्या काळात ही केबिन येथे नव्हती, असा तर्क सबळ होतो. उलट काउलवर कमी व केबिनवर अधिक थर निघाले, तर काउल बदललेले असेल किंवा केबिन दुसऱ्या वाहनावर काही काळ राहून आलेली असेल. एका जागी रंग खरवडून काढलेला असू शकतो. म्हणून किमान तीन-चार जागांची तुलना केल्यावाचून मत बनवू नये.

काही थरांना बाहेरून तारीख मिळते. राष्ट्रीय परवान्याची योजना १९७५ साली सुरू झाली आणि अशा ट्रकच्या बॉडीस वाळलेल्या पानाचा तपकिरी रंग व पांढऱ्या कडा असाव्यात, असा नियम झाला. हा तपकिरी थर म्हणजे १९७५ पूर्वी जाऊ न शकणारी खूण. तो काउलवर सापडला आणि केबिनवर त्याच्या खालीही जुने थर सापडले, तर केबिन त्या परवान्याहून जुनी ठरते.

दुसरी पाहणी अक्षरांची. दारावर मालकाचे नाव, गाव व पत्ता रंगविण्याची चाल जुनी आहे. टपालाचा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. म्हणून कन्नडच्या पत्त्यात ४३११०३ हे आकडे असलेले अक्षरांकन त्यानंतरचे. 'एमएच-२०' हे औरंगाबादचे नोंदणीचिन्ह १९८९ च्या नव्या पद्धतीतील. 'छत्रपती संभाजीनगर' हे शहराचे नाव २०२३ मधील. या खुणा अक्षरांचा काळ सांगतात, दाराचा नव्हे, हा भेद सांभाळावा. जुन्या दारावर नवी अक्षरे पडतात. पण नव्या दाराखाली जुनी अक्षरे कधी सापडत नाहीत. म्हणून वरच्या रंगाखाली दडलेली अक्षरे दिसली, तर त्यांचे मोल वरच्या ठळक अक्षरांहून अधिक.

तिसरी पाहणी भोकांची. केबिन चेसिसवर ज्या कंसांच्या आधारे बसते, त्यांचे बोल्ट काढून पाहिले असता चेसिसच्या गजात वापरातली आणि रिकामी अशी दोन प्रकारची भोके दिसतात. कारखान्याची भोके सारख्या अंतरावर व स्वच्छ कडांची असतात. मागाहून पाडलेली अनेकदा अंडाकृती किंवा गॅसने कापलेली. जुनी रिकामी भोके आणि शेजारीच नवी वापरातली भोके, हे केबिन-बदलाचे उत्तम लक्षण होय. हाच विचार काउलच्या पत्र्यातील वायरी व पेडल यांच्या भोकांसही लावावा.

चौथी पाहणी सांध्यांची व आट्यांची. टाटा-मर्सिडीज ट्रकच्या कारखानी भागांत मेट्रिक आटे होते. अमेरिकी व ब्रिटिश वंशाच्या ट्रकमध्ये इंचांचे. येथील कारागीर बाजारात मिळेल तो बोल्ट वापरी. म्हणून १९५५ च्या टाटा-मर्सिडीजवर इंची बोल्टने बसविलेली केबिन दिसली, तर ती कारखान्याची नव्हे एवढे कळते. ती पहिली नव्हे असे मात्र कळत नाही. या दोन विधानांतील अंतर हाच या विषयाचा मर्म आहे. काचेची साक्ष याहूनही दुबळी. काचेवर आय.एस.आय.चे चिन्ह असेल, तर ती काच प्रमाणचिन्हांची योजना सुरू झाल्यानंतरची, म्हणजे १९५५ नंतरची. पण घाटात उडालेला एक खडाही काच बदलण्यास पुरेसा असतो.

पाचवी पाहणी लाकडाची. सांगाड्याच्या सर्व खांबांचे लाकूड एकाच जातीचे आहे काय, जोड एकाच हाताचे आहेत काय, ओल लागून कुजलेल्या तळपट्टीला कोठे नवा तुकडा सांधला आहे, हे पाहिल्यास 'केबिन बदलली' आणि 'केबिन सांधली' यांतील फरक उघड होतो. तळपट्टी नवी, खांब व छपराच्या कमानी जुन्या, अशी केबिन दुरुस्त झालेली आहे, बदललेली नव्हे.

तोंडी साक्ष या सर्वांच्या नंतर घ्यावी. चालक, मिस्त्री व मालक यांची स्मृती बदलाचा प्रसंग सांगण्यात विश्वसनीय असते; वर्ष सांगण्यात तितकी नसते. 'गाडी घाटात पडली त्या साली' हे वाक्य पंचांगाहून खरे असते, पण ते साल विम्याच्या कागदावरूनच निश्चित करावे लागते.

६. मूळ आणि अस्सल

आतापर्यंतच्या पाहणीतून केबिनचा काळ ठरला, तरी तिची योग्यता ठरत नाही. त्यासाठी 'मूळ' आणि 'अस्सल' या दोन संज्ञा वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. या भेदाचा एक प्रसिद्ध निवाडा १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयात झाला. 'ओल्ड नंबर वन' नावाची बेंटली मोटार १९२९ व १९३० साली ल मान्सची शर्यत जिंकलेली होती. परंतु पुढे तिची चेसिस, इंजिन व बॉडी वेळोवेळी बदलत गेली होती. एक कोटी पौंडांच्या व्यवहारात खरेदीदाराने ती खरी नसल्याचा आक्षेप घेतला. न्यायमूर्ती ऑटन यांनी ती शर्यतीत उतरली त्या अर्थाने 'मूळ' नसल्याचे मान्य केले. तथापि तिचा इतिहास कोठेही तुटलेला नाही, ती कधी दुसरी मोटार झालेली नाही, म्हणून ती 'अस्सल' आहे, असा निर्णय दिला. सातत्य ही येथे कसोटी ठरली.

कन्नडजवळ पितळखोऱ्याच्या लेण्यांत हाच धडा दगडात वाचावयास मिळतो. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या तेथील चैत्यगृहाच्या स्तंभांवर अनेक शतकांनंतरची, अजिंठ्याच्या उत्तरकाळाशी नाते सांगणारी चित्रे आहेत. चित्रांवरून कोणी चैत्याचा काळ ठरवीत नाही. आणि ती मागाहूनची म्हणून कोणी त्यांना खोटीही म्हणत नाही. कोरीव काम हा एक थर, चित्रे हा दुसरा. दोन्ही त्याच वास्तूचे चरित्र सांगतात.

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली संमत केलेल्या ट्यूरिन सनदेतही वाहनाच्या सेवाकाळात झालेले बदल त्याच्या इतिहासाचा भाग मानले आहेत. भारतीय नियमांची दिशा मात्र निराळी आहे. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हिंटेज' वर्ग निर्माण झाला. परंतु तो दुचाकी व प्रवासी मोटारींपुरता आहे आणि चेसिस, बॉडी वा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, अशी त्याची अट आहे. मालवाहू ट्रक या वर्गात मुळात येतच नाही. जरी आला असता, तरी कारखान्याबाहेर बांधलेली त्याची केबिन 'मूळ स्वरूपा'त बसवावी की नाही, हा प्रश्न उभा राहिलाच असता.

येथे प्रश्न केवळ शब्दांचा राहत नाही. एखादा संग्राहक परदेशी पुस्तकातील चित्र प्रमाण मानून ट्रकची गावठी लाकडी केबिन उतरवितो आणि तिच्या जागी कारखानी पोलादी केबिन चढवितो. त्याच्या दृष्टीने ट्रक 'मूळ' झाला. वस्तुतः त्या चेसिसवर कधीच नसलेली केबिन तिच्यावर आली आणि जी पहिल्या दिवसापासून तिच्यावर होती, ती सरपणात गेली. ज्या सुताराने ती बांधली, त्याचे नाव कोणत्याही पुस्तकात नव्हते. त्याच्या कामाचा एकमेव दस्तऐवज ती केबिन होती.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील क्रम सुचविता येतो. प्रथम चेसिसची ओळख छाप्यावरून निश्चित करावी. नंतर ती चेसिस कारखान्यातून केबिनसह निघाली की काउलसह, हे विक्रीच्या कागदांवरून व त्या नमुन्याच्या माहितीवरून ठरवावे. केबिनसह निघाली असल्यास कारखानी केबिन ही मूळ. काउलसह निघाली असल्यास पहिल्या नोंदणीच्या वेळी तिच्यावर असलेली केबिन ही मूळ. मग रंगाचे थर, भोके, सांधे व लाकूड यांच्या आधारे आजची केबिन आणि ती पहिली केबिन यांतील सातत्य तपासावे. एका खुणेवर निर्णय देऊ नये. परस्परांवर अवलंबून नसलेल्या किमान दोन खुणा जुळाव्यात. आणि केबिन नंतरची ठरली, तरी तिला तिची तारीख द्यावी. तिला खोटी म्हणू नये.

हे काम फार काळ लांबणीवर टाकण्याजोगे नाही. वाहन भंगारात काढण्याविषयीचे नियम २०२१ साली झाले आणि पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून थांबले. दुसरीकडे, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालवाहू ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन यंत्रणा असणे आवश्यक करण्यात आले. सुताराच्या हातची केबिन यापुढे दुर्मिळच होत जाणार. भंगारात जाणाऱ्या वाहनाच्या चेसिसवरील क्रमांकाचा तुकडा कापून जपून ठेवतात, कारण कायद्याच्या दृष्टीने वाहनाची ओळख तेवढीच. केबिनचा तुकडा कोणी ठेवीत नाही. घाटवाटेच्या गावांतून उरलेल्या केबिनची मापे, छायाचित्रे व रंगाच्या थरांची टिपणे त्या उतरविल्या जाण्यापूर्वी घेतली, तरच ज्यांनी त्या बांधल्या त्या कारागिरांचा इतिहास लिहिण्यास काही साधन शिल्लक राहील.